हॉटेलात सिगारेट ओढणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना कसं आवरायचं?

कटवाला

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. कायद्याचाही आणि माणसं सांभाळायचाही.

कोल्हापुरात गंगावेशीकडं आमचं मिसळीचं हॉटेल आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी बघतो. जागा अरुंद आणि लांब. पुढं गल्ला, मधी टेबलं, मागं भट्टी (गॅसची आहे, लाकडाची नाही, आधीच सांगून ठेवतो). खुर्च्या 28. वारा येतो तो फक्त पुढच्या शटरातनं, आणि भट्टीवरचा पंखा हवा मागं ओढतो. म्हणजे पुढच्या टेबलावर कुणी सिगारेट पेटवली की तिचा धूर सगळं हॉटेल फिरून, वाढप्यांच्या अंगावरनं मागं जातो.

सकाळी तालमीतली पोरं येतात, कट मागून मागून घेतात आणि पंधरा मिनिटांत उठतात. त्यांचं काय नाही. साडेनऊनंतर जी बैठक बसते ना, तिथं घोडं अडलंय. सगळी वडिलांच्या वेळची माणसं. मिसळ, चहा, सिगारेट, पेपर, मग महापालिकेत कोण कुणाला पाडणार ते, मग परत चहा आणि परत सिगारेट. अकरा वाजले तरी हलत नाहीत. ॲश-ट्रे मी कधीच ठेवला नाही, तर ताटलीत विझवतात. उरलेल्या कटात चुर्र होतं आणि भिजलेला फिल्टर शेवेला चिकटून बसतो. ताटल्या विसळणाऱ्या मावशी तो चमच्यानं खरवडून काढतात आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बैठकीचा उद्धार करतात.

आत्ता विचारायचं कारण असं, की आमचा एक वाढपी आहे, राधानगरीकडचा. माळकरी घरातलं पोरगं, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. त्याला पावसाळ्यात खोकला लागला तो दिवाळी झाली तरी आहे. रात्री आडवा झाला की छाती वाजते म्हणे. दवाखान्यात नेला तर डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "दिवसाला किती ओढतोस?" पोरगं माझ्याकडं बघाय लागलं. शर्टाला वास येत होता, डॉक्टर तरी काय करणार.

मी धाडस करून बैठकीतल्या एका अण्णांना म्हटलं, "अण्णा, जरा बाहेर जाऊन ओढता का?" तर सगळ्या टेबलाला ऐकवून म्हणाले, "तुझा बा असता तर त्यानं काडी ओढून दिली असती." खरंय, दिली असती. वडिलांचा स्वभावच तसा.

तर पोराचा खोकला खरंच दुसऱ्याच्या धुरानं असू शकतो, की भट्टीचा, फोडणीचा ठसका हेच कारण? कायद्यानं जबाबदार कोण, ओढणारा की मी? एक इलेक्ट्रिशियन म्हणतोय मोठा एक्झॉस्ट बसवा, कोपऱ्यावर 'स्मोकिंग झोन' लिहा, विषय मिटला. त्यात पैसे घालू का? आणि बैठक तुटू न देता हे बोलायचं कसं? गल्ला काय त्यांच्यावर चालत नाही, पण पेठेत तोंड दाखवायचं असतं.

---

निवांत

भावा, किती ताण घेतोस. सगळीकडं बंदी, आता मिसळीवरची सिगारेट पण बंद करा. आमचं गुऱ्हाळ आहे, चुलवाणाच्या धुरात पिढ्या गेल्या. आजा नव्वदी बघून गेला. फोडणीनं खोकला लागलाय पोराला, उगं सिगारेटच्या नावानं खपवू नकोस. मोटारींचा, कचऱ्याचा धूर दिसत नाही का कुणाला? (मी ओढतो, लपवत नाही.)

---

काळा कोट

कायद्याचं तेवढं सांगतो, बाकीच्या गप्पा होतीलच.

2003 चा सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा कायदा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, त्याच्या कलम 4 नं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांनी खानावळ, कँटीन, बार, कामाची जागा हे सगळं त्यात स्पष्ट आणलं. ओढणाऱ्याला दंड 200 रुपयांपर्यंत. आजच्या भावानं हसण्यावारी नेण्यासारखी रक्कम आहे, म्हणून लोक तिथंच वाचायचं थांबवतात. तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढं आहे. जागा ज्याच्या ताब्यात, म्हणजे मालक किंवा व्यवस्थापक, त्यानं आत कुणी ओढणार नाही हे बघायचं. दारावर बोर्ड लावायचा, किमान 60 बाय 30 सेंटिमीटर, आणि तक्रार कुणाकडं करायची त्याचं नावही लावायचं. तक्रार येऊनही हालचाल केली नाही, तर जितके गुन्हे झाले त्या हिशेबानं दंड मालकावर. 'गिऱ्हाईक ऐकत नाही' म्हणून सुटका नाही.

ॲश-ट्रे, काडेपेटी, लायटर असलं काही पुरवायचं नाही, हेही नियमात आहे. गल्ल्यावर लायटर दोरीला टांगलेला नाही ना? सुटी सिगारेट विकत असाल तर तीही थांबवा. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून सुटी विडी-सिगारेट विकायला मनाई आहे. आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटर, अख्खं पाकीटसुद्धा विकता येत नाही.

आता तुमचा झोन. 30 किंवा त्याहून जास्त आसनं असलेल्या हॉटेलाला ओढणाऱ्यांची वेगळी जागा करता येते. तुमची 28. दोन स्टुलं वाढवायचा विचार आला असेल तर ऐका: चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा, आणि हे सगळं येण्याजाण्याच्या दाराशी नको. त्यातही 2017 च्या दुरुस्तीनंतर त्या खोलीत चहा-पाणी काहीच द्यायचं नाही. मग तुमच्या बैठकीला ती काय कामाची? इलेक्ट्रिशियनला एक मिसळ खायला घाला आणि घरी पाठवा.

---

स्टेथो

मी इचलकरंजीत छातीच्या आजारांचे पेशंट बघते. यंत्रमागावरच्या सुताच्या धुळीनं खोकणारे रोजचेच, त्यामुळं 'कामाच्या जागेची हवा' हा माझा जरा हळवा विषय आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी सिगारेट बाजूला ठेवा. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायची आणि छातीचा फोटो काढायचा, टीबी नाही ना ते बघायला. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन जा. ते निकाली निघालं की फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. रात्री छाती वाजते म्हणताय, म्हणजे दम्याची शक्यता बरीच आहे, आणि दमेकऱ्याला सिगारेटचा धूर हमखास उचकवतो. फोडणीचा ठसकाही त्रास देतो, निवांत यांचं तेवढं बरोबर. पण फोडणी मिनिटभराची, बैठक दीड तासाची. आणि चुलवाणाचा धूर चांगला असतो असं कुणी म्हटलंय? गुऱ्हाळावर भट्टीत चिपाडं सारणाऱ्या चुलव्याला एकदा फुंकायला लावा, मग बोलू.

आता धूर कसा होतो ते बघा. झुरका मारला की टोकाचा निखारा भडकतो, तंबाखू जास्त आचेवर जळते आणि तो धूर फिल्टरमधून ओढणाऱ्याच्या छातीत जातो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात, पेपर वाचताना म्हणा, सिगारेट बोटांत नुसती धुमसत असते, कमी आचेवर आणि अर्धवट. खोलीत भरतो तो बहुतेक ह्या धुमसण्याचा धूर. फिल्टर नाही, काही नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग करणारी कितीतरी रसायनं त्यात झुरक्याच्या धुरापेक्षा जास्त निघतात. तंबाखूच्या धुरात 7000 हून जास्त रसायनं सापडली आहेत आणि त्यातली 70 च्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी आहेत.

हे कळायला वेळ लागला. 1981 साली जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी कधीच न ओढणाऱ्या 91,540 विवाहित बायकांची 14 वर्षांची नोंद मांडली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुफ्फुसाचा कर्करोग जास्त. तंबाखू कंपन्या त्या अभ्यासावर तुटून पडल्या, तरी पुढच्या अभ्यासांत तेच दिसत गेलं. घरात किंवा कामावर दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका 20 ते 30 टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो. फुफ्फुसाचं लोकांना पटतं, हृदयाचं पटत नाही. पण धुरात अर्धा तास बसलं तरी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नीट काम करेनासं होतं आणि रक्तातल्या प्लेटलेट चिकटायला लागतात. त्याला वर्षं लागत नाहीत.

एक्झॉस्टबद्दल: अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरचा, 2006 चा अहवाल स्वच्छ सांगतो की ह्या धुराची 'एवढा चालेल' अशी पातळीच नाही, आणि वेगळी टेबलं, पंखे, हवा शुद्ध करायची यंत्रं यांनी धोका जात नाही. तुमच्या हॉटेलात तर एक्झॉस्ट मागं बसला की धूर अजून जोरात वाढप्यांवरून जाईल.

बैठकीतला माणूस अकराला उठून घरी जातो. वाढपी कुठं जाणार? आणि गल्ल्यावर बसणारे तुम्ही?

---

कटवाला

काळा कोट साहेब, लायटर आहे. पिवळा, सुतळीला बांधलेला. सुटी पण विकतो, म्हणजे विकत होतो म्हणा आता. डॉक्टर, सोमवारी पोराला सीपीआरला नेतो.

मनातली एक शंका विचारतो. बंदी केली की धंदा बसतो, असं शेजारचा चहावाला म्हणतोय. आणि आमच्यासारख्या हॉटेलांत बंदी करून वाढप्यांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का, का नुसतं कागदावर?

---

निवांत

धंदा बसणारच. मी तर येणार नाही.

---

स्टेथो

फरक मोजलेला आहे. आयर्लंडनं 29 मार्च 2004 ला कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत, अगदी पबमध्येसुद्धा, बंदी घातली. तेव्हाही 'पब ओस पडणार' अशीच ओरड होती. बंदीआधी आणि नंतर तिथल्या बारमधल्या कामगारांची लाळ तपासली. निकोटीन अंगात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, ते 80 टक्क्यांनी उतरलं होतं. न ओढणाऱ्यांचा खोकला, घशाची खवखवही कमी झाली. स्कॉटलंडमध्ये मार्च 2006 ला बंदी आली. तिथं हार्ट ॲटॅकसारख्या त्रासानं दवाखान्यात भरती होणारे 17 टक्क्यांनी घटले, आणि कधीच न ओढलेल्यांमध्ये घट त्याहून जास्त, 21 टक्के. निवांत, बाहेरच्या देशाचं सांगू नका म्हणाल, तर आपल्याकडचं 2016-17 चं सरकारी सर्वेक्षण घ्या: बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांपैकी 30 टक्के लोक कामावर दुसऱ्याचा धूर घेतात. बंदी लागू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

---

जुना बिल्ला

कटवाला, मी केएमटीला, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसला, वाहक होतो. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तुमचा वाढपी म्हणजे मीच की, असं वाटलं म्हणून लिहितोय. मोबाईलवर टायपायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

आमच्या वेळी बसमध्ये 'धूम्रपान करू नये' ही पाटी ड्रायव्हरच्या डोक्यावर असायची आणि कधीकधी खाली ड्रायव्हरच्याच तोंडात विडी. पावसात काचा बंद, महाद्वार रोडची गर्दी भरलेली, ओल्या छत्र्या पायात, आणि मागच्या बाकावर विड्या पेटलेल्या. प्रवासी पंधरा-वीस मिनिटांत उतरायचा. मी तिकिटं फाडत मागं जायचो, पुढं यायचो, ड्युटी संपेपर्यंत. घरी गेल्यावर मंडळी म्हणायच्या, आधी तो खाकी शर्ट बाहेर टाका, मग पोरीला घ्या. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2001 मध्ये बस, रेल्वे, दवाखाने, कोर्टं असल्या ठिकाणी बंदीचा आदेश दिला, तोवर माझी निम्मी नोकरी धुरात झालेली.

आयुष्यात विडीला हात लावला नाही. साठीच्या आत स्टेंट बसला. कशानं बसला हे एकट्या माणसाचं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. साखर होती, जागरणं होती. पण '25 ते 30 टक्के' वाचल्यावर जरा थांबलो.

असो. विझवून घ्यायची युक्ती सांगतो, ती उपयोगी पडेल. पाटी दाखवली की माणूस चिडतो. मी तिकीट द्यायचो आणि उरलेली चिल्लर मुठीत धरून तिथंच उभा राहायचो. "पावणं, तेवढी विझवा, मग देतो." बाकीची गाडी हसायची, माणूसही हसायचा आणि विझवायचा. चार आणे कोण सोडतंय!

तुमच्याकडं चिल्लर नाही, पण चहा आहे. बैठकीला दुसरा चहा लागतोच. टेबलावर एक जरी पेटलेली दिसली तर चहा भट्टीवरनं हलवायचाच नाही. "आलो, आलो" करत राहायचं. मात्र हे वाढप्याच्या गळ्यात टाकू नका. तो पगारी पोरगा, अण्णा त्याला झापतील आणि तो ऐकून घेईल. बोलायचं तुम्ही, गल्ल्यावरनं, हसत. आणि ज्या अण्णांनी बा काढला त्यांनाच आधी एकटं गाठा, चारचौघांत नको. पोराला समोर उभा करा आणि त्याचा जो काय रिपोर्ट येईल तेवढा सांगा. कायदा, दंड त्यातलं काही काढू नका. पेठेतला माणूस भांडणाला मागं सरत नाही, पण पोराचं दुखणं बघितलं की आवाज खाली येतो.

---

निपाणीकर

वाचत होतो, एक गोष्ट राहवत नाही म्हणून. ही चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "आणि तंबाखूवाल्या शेतकऱ्यानं काय खायचं?" आमच्या घरातलं मीठ तंबाखूचंच. आई विड्या वळायची, चुलते 1981 ला शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर बसलेले. शेतकऱ्याला भाव मिळायचा प्रश्न खरा आहे, पण तो मिसळीच्या टेबलावर सुटत नाही. अण्णांनी फुटपाथवर ओढली म्हणून निपाणीत एक पान कमी पिकणार नाही.

आणि कटवाला, तुमच्या घरी बारकं पोर असेल तर हॉटेलातला शर्ट बदलल्याशिवाय उचलू नका. आमच्या घरात चुलते माजघरात ओढायचे आणि भावाच्या पोरीचा कान सारखा फुटायचा. कानाचा आणि धुराचा संबंध असतो हे डॉक्टरांनी सांगितल्यावर आम्ही सगळे येड्यागत एकमेकांकडं बघत बसलो.

---

कटवाला

सगळ्यांचे आभार. झालं ते कळवतो.

पोराला टीबी नाही. दमा निघाला. पंप सुरू झालाय, रात्री झोप लागते म्हणतो. सध्या त्याला पुढच्या टेबलांवरनं काढून पार्सलला उभा केलाय. लायटर कापला, सुटी विक्री बंद. बोर्ड 60 बाय 30 चा रंगवून घेतला, तक्रारीसाठी नाव माझंच.

अण्णांना घरी जाऊन भेटलो. पोरगं बरोबर होतं. अण्णा काही बोलले नाहीत, त्याला गाव कुठलं, घरी कोण असतं, एवढंच विचारलं. मधी फिरकलेच नाहीत, मला वाटलं तुटलं. मग परवा आले, बसले, खिशातनं पाकीट काढलं, बोर्डाकडं बघितलं, पाकीट परत ठेवलं आणि म्हणाले, "पेंटर बदल. अक्षर बेकार काढलंयस." बाकीच्यांवर चहाची युक्ती चालली. एक जण रुसून पलीकडच्या हॉटेलात जातोय, जाऊ दे. त्यांतल्या कुणाला सोडायचीच असेल तर म्हणून 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर गल्ल्यावर चिकटवलाय. अजून कुणी उतरवून घेतलेला नाही.

नवीन भानगड अशी, की आता सगळे शटरात उभं राहून ओढतात आणि धूर पंख्यानं सरळ आत येतो. बाहेर फुटपाथवर लांब एक बाकडं टाकावं म्हणतोय.

---

निवांत

बाकडं टाक, मी येतो. कट जरा जास्त लागेल.

---

काळा कोट

फुटपाथवर बाकडं टाकू नका, अतिक्रमणवाले गाडीत घालून नेतील आणि ते सोडवायला सिगारेटच्या दंडापेक्षा जास्त मोजावे लागतील. शटरापासून दहा-बारा पावलांवर मोकळी जागा आहे का ते बघा, तिकडं बोट दाखवणारा बाण बोर्डाखाली रंगवा. पेंटर बदलणारच आहात.